काळी एक की पांढरी दोन?

गेल्या शनिवारी रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या नौपाड्यातल्या घरात संगणकातल्या पेटीचा एक सूर लागला आणि तो थांबेना. पट्टीवरचे बोट मी केव्हाच उचलले होते. घाबरून कीबोर्डची केबलही उपटली, तरी सूर शांतपणे चालूच राहिला.

ज्या सॉफ्टवेअरवर मी सोसायटीच्या कोजागिरीचे ट्रॅक करतो, ते विंडोज एक्सपीच्या पुढे यायला तयार नाही. त्याचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेला छोटा ठोकळा, प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टात बसतो आणि नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसते. यूएसबीचे कन्व्हर्टर मिळतात, पण ते प्रिंटरपुरते; डोंगलला ते ओळखही देत नाहीत. म्हणून ज्या एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजी अधिकृतपणे संपली, तिचा संगणकाचा डबा मी अजून सांभाळून आहे. त्याचे साउंड कार्ड यंदाच्या पावसाळ्यात दमट हवेने गेले. त्या कार्डाला जॉयस्टिकसाठी पंधरा पिनांचे पोर्ट होते आणि मिडीची, म्हणजे कीबोर्डचे निरोप संगणकाला पोचवणारी, वायरही त्यातच जात असे; म्हणजे ज्या भोकातून इतरांची मुले विमाने पाडीत, त्याच भोकातून मी भूप वाजवीत असे. कार्डाच्या जागी मी बाहेरून जोडायचा एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकाचा आवाज स्पीकरला देणारी पेटी, आणि साडेतीनशे रुपयांची यूएसबी-मिडी केबल आणली, आणि इथून माझे ग्रह फिरले.

मिडी ही 1983 सालची व्यवस्था स्वभावाने फार भाबडी आहे. पट्टी दाबली की ‘स्वर सुरू’ असा तीन बाइटांचा निरोप जातो आणि उचलली की ‘स्वर बंद’ असा दुसरा. किती वेळ वाजायचे, हे कोणीच सांगत नाही. स्वस्त केबलीत निरोपांची गर्दी झाली आणि दुसरा निरोप वाटेत हरवला, तर वाद्य बिचारे आज्ञेची वाट पाहत वाजतच राहते. अशा अडकलेल्या सुरांसाठी सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅनिक’ नावाचे बटणसुद्धा असते. मात्र चालू प्रोग्रॅममधून केबल उपटली की तो गोठतो, हा आणखी एक दोष असल्यामुळे पडद्यावर वाळूचे घड्याळ अवतरले आणि ते बटण दाबण्याची सोय उरली नाही. मागे एकदा मी कंपनीला याबद्दल कळवळून लिहिले होते, तेव्हा उत्तर आले होते की ‘ही त्रुटी आम्हाला ज्ञात आहे’. ज्ञात असल्याचा त्यांना अभिमानच वाटत असावा.

दोन तासांचे काम सेव्ह केलेले नव्हते, त्यामुळे संगणक बंद करण्याचे धैर्य होईना. निदान स्पीकर तरी कमी करावा म्हणून हात पुढे केला, तोच बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका उभे होते.

“काका, माफ करा, आत्ता आवाज कमी करतो.”

“कमी अजिबात करू नका,” काका आत येत म्हणाले. “आधी मला सांगा, हा सूर कोणता?”

“पांढरी एक.”

“छे! पांढरी एक मी झोपेत ओळखतो. ही काळी एक आहे.” मग डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून ते पुटपुटले, “पण काळी एकही नाही हो. थांबा.”

ते खाली गेले आणि पाचव्या मिनिटाला परतले, तेव्हा त्यांच्यामागे अर्धवट झोपेतला नातू त्यांची पेटी छातीशी धरून जिना चढत होता. काकांनी माझ्या सतरंजीवर बैठक मारली, भाता सोडला आणि काळी एक धरली. दोन्ही सूर एकमेकांवर घासून चिडल्यासारखे थरथरू लागले. मग त्यांनी पांढरी दोन धरली; थरथर कायम राहिली.

“मध्ये आहे,” काका विजयाने म्हणाले. “बरोब्बर मध्ये. काळी एकच्या वर आणि पांढरी दोनच्या खाली. अशी पट्टी जगातल्या कोणत्याही पेटीला नाही. तुम्ही कुठून आणलीत?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सॉफ्टवेअर सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या हिशेबाने (यालाच सॅम्पल रेट म्हणतात) आवाज तयार करीत होते आणि नवा इंटरफेस त्याला न विचारता ते 48,000 च्या वेगाने संपवीत होता. त्यामुळे 262 हर्ट्झची पांढरी एक 285 च्या आसपास वाजत होती आणि तालही शेकडा नऊने पुढे धावत होता. संध्याकाळपासून या ट्रॅकवर गाताना गळा चढत नव्हता, ते मी निमूटपणे वयाच्या खात्यावर टाकले होते. वीस वर्षे हा उद्योग करणाऱ्या माणसाला जे कळले नाही, ते लुंगीवर आलेल्या काकांनी दारातूनच ओळखले, हे मला अजून पचलेले नाही.

मी हे सर्व समजावून सांगितले. काकांनी ते लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “म्हणजे दोष कळलेला आहे, पण दुरुस्त कोणी करत नाही?”

“हो ना!” मी उत्साहाने म्हणालो. इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी माझे दुःख समजून घेत होते.

“अगदी तुमच्या बाथरूमच्या गळतीसारखे,” काका म्हणाले. “सहा वर्षे आमच्या छतातून ठिबकते आहे. दर सभेच्या इतिवृत्तात ‘विषयाची नोंद घेण्यात आली’ असे लिहिले जाते, आणि खाली तुमची सही असते.”

यावर काय बोलावे हे मला सुचेना. प्लंबर मिळत नाही, हे खरे कारण होते आणि आहे. परंतु रात्री पावणेअकराला, पाठीमागे 285 हर्ट्झ वाजत असताना, ते कोणालाही पटले नसते. वास्तविक गळतीचा आणि सॅम्पल रेटचा काही संबंध नाही. काका दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडतात, हा त्यांचा जुना दोष आहे.

“बंद का नाही करत हे?” एवढे बोलून कंटाळलेल्या नातवाने भिंतीवरचे बटण खाली केले.

सूर थांबला आणि माझे दोन तासही त्याच्याबरोबर गेले. काका मात्र नातवावरच रागावले, कारण त्यांना तो सूर तार सप्तकात ताडून पाहायचा राहिला होता.

सोमवारी सेक्रेटरींनी मला काकांची लेखी तक्रार दाखवली. गळतीचा मुद्दा पहिला आहे. दुसऱ्या मुद्द्यात रात्रीच्या आवाजाविषयी एक अक्षरही नाही. तिथे फक्त ‘बेसूर’ असा शब्द आहे आणि तो दोनदा अधोरेखित केलेला आहे.