शब्दांबरोबर चालीही

स्कॉटलंडच्या लोकगीतांवरच्या तुमच्या लेखात स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटच्या १८०२च्या लोकगीतसंग्रहाचं कौतुक वाचलं. पण त्यात चाली नव्हत्याच, नुसते शब्द! ज्यांच्याकडून त्याने काही गाणी घेतली, त्या मार्गारेट लेडलॉ त्याला म्हणाल्या होत्या की ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नाही. त्यांचा मुलगा, कवी जेम्स हॉग, याने हे लिहून ठेवलंय. मला ते मनापासून पटतं.

म्हणून लेखात गॅव्हिन ग्रेग आणि जेम्स डंकन या लोकगीत-संग्राहकांचा उल्लेख हवा होता. एक शाळामास्तर, दुसरा पाद्री. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईशान्य स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायर भागात फिरून दोघांनी ३,०००हून अधिक गाणी टिपली, शक्य तिथे चालींसकट. बेल रॉबर्टसन या बाईंनी एकट्यांनी सुमारे ४०० गाण्यांचे शब्द दिले, तेही गाऊन नव्हे, म्हणून दाखवून. केवढी ती स्मरणशक्ती! ग्रेग-डंकन संग्रहाचे सगळे आठ खंड छापून व्हायला मात्र २००२ उजाडलं.