तोंड दाबून ट्रम्पेटचा मार

दातांना तारा लावायचं एक वय असतं आणि ट्रम्पेट शिकायचंही एक वय असतं. माझी दोन्ही वयं हुकली, आणि डोक्यावर पांढरे केस दिसायला लागल्यावर दोन्ही हौशी एकदमच अंगावर आल्या. त्यातली पहिली खरं तर माझी हौस नव्हे, अक्कलदाढांची. त्यांनी आपली जागा करून घेतली म्हणे, आणि पुढचे दात एकमेकांच्या खांद्यावर चढले. (दोष अक्कलदाढांचा नसतो, असं डॉक्टर म्हणाल्या. मग कोणाचा, ते मात्र सांगितलं नाही.)

तारा लावायच्या आधी त्यांनी चौकशी भरपूर केली. रात्री दात खाता का? नखं कुरतडता का? तोंडानं श्वास घेता का? एवढ्या उलटतपासणीत ‘तुम्ही रोज संध्याकाळी पितळेची वस्तू तोंडावर दाबून धरता का?’ हा प्रश्न काही आला नाही.

पितळी वाद्य ज्यांनी कधी तोंडाला लावलेलं नाही, त्यांना वाटतं की इकडून फुंकलं की तिकडून सूर येतो. नुसतं फुंकलं तर तिकडून वाराच येतो. सूर ओठांचा असतो. ओठ मिटून त्यांच्या फटीतून हवा अशी सोडायची की ते थरथरले पाहिजेत. ती थरथर पुढच्या जवळजवळ दीड मीटर नळीत शिरली की तिचा सूर होतो. बोटांखालचे तीन वाल्व्ह दाबून-सोडून नळीच्या फक्त सात वेगवेगळ्या लांब्या मिळतात. बाकीची सगळी वरखाली ओठांनीच करायची. वरचा स्वर हवा तर ओठ आवळा, आणखी वरचा हवा तर आणखी आवळा. आवळून आवळून ओठ दमले की जगातला यच्चयावत ट्रम्पेटवाला जे करू नये तेच करतो. तो माउथपीस, म्हणजे वाद्याचं ओठांना लावायचं टोक, तोंडावर दाबतो.

एरवी या पापाची शिक्षा म्हणजे सरांचा एक कटाक्ष. तारा असल्या की निकाल जागच्या जागी. बाहेरून माउथपीसची कड, आतून ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवायला दातांवर चिकटवलेले स्टीलचे चौकोनी तुकडे, आणि मधल्या मध्ये ओठ. पहिल्या दिवशी सराव संपल्यावर मी आरशात ओठ उलटा करून पाहिला. बाहेर लालभडक गोल उमटला होता आणि आत ओळीनं चार चौकोन, कडेच्या चौकोनाला तर तारेच्या हुकाचा ठिपकासुद्धा. शाळेत भूमितीच्या वहीत माझी एकही आकृती इतकी रेखीव आली नव्हती.

बँडमध्ये ट्यूबा हे अगडबंब पितळी वाद्य वाजवणाऱ्यानं तो ओठ पाहून मनापासून हळहळ व्यक्त केली. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात. हा सुपातला नुसताच हळहळला, हा त्याचा मोठेपणा. त्याच्याही दातांना लहानपणी तारा होत्या, पण ट्यूबाचा माउथपीस एवढा रुंद असतो की त्यात दोन्ही ओठ ऐसपैस बसतात आणि दाब सगळीकडे वाटला जातो. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास जेमतेम १६-१७ मिलिमीटर. सगळा जोर पुढच्या चार दातांवर आणि मुख्यतः त्यांच्यावरच्या लोखंडावर. ‘तारा निघेपर्यंत ट्यूबा वाजव की,’ तो म्हणाला. मी ट्यूबा उचलून पाहिला आणि माझ्या कमरेनं त्यावर आपलं मत दिलं.

मग आलं मेण. दातांच्या तारांसाठी वेगळं मेण मिळतं. चिमूटभर घ्यायचं, बोटांत मळायचं, दात कोरडे करून ब्रॅकेटवर थापायचं. दात कोरडे करणं हे सांगायला सोपं आहे. ट्रम्पेट डोळ्यांसमोर दिसला की वादकाच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि थापलेलं मेण तिसऱ्या ओळीपर्यंत ढिलं होऊन जिभेवर येतं. एका तालमीत मी लांब सूर लावून बसलो होतो आणि तो हळूहळू बारीक होत होत गप्पच झाला. फुंकतोय, डोळे बाहेर आलेत, आवाज नाही. माउथपीसचा गळा सगळ्यात अरुंद जागी साडेतीन मिलिमीटरच्या जरासा वर असतो, आणि तिथे माझं मेण बुचासारखं घट्ट बसलं होतं. ते टाचणीनं कोरून काढेपर्यंत सगळा बँड ताटकळला. बाहेर आलेल्या गोळीवर ब्रॅकेटचा ठसा स्पष्ट होता, त्यामुळे मालकीचा वाद झाला नाही.

तारा घट्ट करून घेतल्यानंतरचे दोन दिवस तर बोलायलाच नको. डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितलं होतं की दात सरकवायला फार जोर लागत नाही. हलकाच दाब, पण रात्रंदिवस. दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड झिजतं आणि मागे रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं भरतं. ऐकायला फार छान वाटतं. प्रत्यक्षात त्या दिवसांत ओठाला ओठ लागला तरी दातापर्यंत निरोप जातो.

‘मग माझ्या वाजवण्यानं दात परत मागे जातील का?’ मी विचारलं.

‘दिवसाला किती वेळ वाजवता?’

‘तासभर.’

‘आणि तारा चोवीस तास असतात. तुमचा ट्रम्पेट हरेल.’

इतका अपमान त्या वाद्याचा आमच्या शेजाऱ्यांनीही केला नव्हता.

सरांचं दुःख वेगळंच होतं. त्यांच्या मते मला झालेलं काही दुखणंच नव्हतं. त्यांच्याकडे याहून भारी दाखले तयार असायचे. ‘अहो, एवढा मोठा ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँग, त्याच्या ओठांवर वाजवून वाजवून व्रण पडले होते! ओठाचा स्नायू फाटतो त्या दुखण्याला त्याच्या टोपणनावावरून सॅचमो सिंड्रोम म्हणतात. चेट बेकर, तोही ट्रम्पेटवालाच, त्याला १९६६ साली मारहाण झाली, दात गेले, शेवटी कवळी बसवून तो पहिल्यापासून शिकला. आणि तुम्ही चार चौकोनांचं काय घेऊन बसलात? दाबू नका म्हणजे झालं. हवा सोडा, हवा!’

हवा सोडून जे स्वर येत होते ते सगळे खालचे होते. त्यामुळे माझी बदली तिसऱ्या ट्रम्पेटवर झाली. पहिला ट्रम्पेट सूर्यप्रकाशात उंच विहरत असतो आणि तिसरा खाली त्याला आधार देतो, असं सर म्हणाले. आमच्या पानावर आधार कमी आणि विराम जास्त. मी विराम मोजत जिभेनं मेण जागेवर सारत बसायचो. हळूहळू मात्र ओठांनी त्या लोखंडातच आपली सोय लावून घेतली. वरचा ओठ दोन ब्रॅकेटांच्या मधल्या खाचेत नेमका जाऊन बसायचा, न दाबता. मधल्या सप्तकातले स्वर स्वच्छ लागायला लागले. सरांनी मान डोलावली, आणि मग सावकाश सांगितलं की तारा निघाल्या की दात गुळगुळीत लागतील, ओठाला बसायची जागा सापडणार नाही आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तारा काढायच्या दिवशी डॉक्टरांनी पक्कड हातात घेतली तेव्हा मी त्यांना थांबवलं. बाकीचे सगळे काढा, पण वरचे पुढचे दोन ब्रॅकेट तेवढे राहू द्या, असं अगदी शांतपणे सुचवलं. कारणही दिलं. त्या माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

‘दातांना काही होणार नाही ना?’ मी विचारलं.

‘तोंड उघडा,’ त्या म्हणाल्या. ‘मोठं.’