प्रिंटर ऑफलाइन, सेक्रेटरी ऑनलाइन

नवा राउटर बसवायला आलेला मुलगा फार चपळ होता. चहा नको म्हणाला, शिडी मागितली नाही, माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला, "काका, आता ड्युअल बँड आहे, पळेल नुसतं," असं म्हणाला आणि जुना राउटर पिशवीत कोंबून लिफ्टमध्ये शिरला. नेट खरोखर पळायला लागलं. टीव्हीने नवा पासवर्ड विचारला, दिला, सासूबाईंची मालिका जिथे अडकली होती तिथून पुढे सुरू झाली. सगळ्यांचे फोन, मुलीचा लॅपटॉप, कुणाची काही तक्रार नाही. एकटा प्रिंटर तेवढा आतल्या खोलीत जुन्या राउटरची वाट बघत निळा दिवा मिचकावत बसला.

त्याच रात्री संगणकाने मोठं अपडेट उरकून घेतलं. बरेच दिवस तो 'आत्ता की नंतर' असं विचारत होता आणि मी 'नंतर' म्हणत होतो. शेवटी घरातल्या बाकीच्या मंडळींसारखं त्यानेही मला विचारणं सोडून दिलं. सकाळी बघतो तर खालच्या पट्टीवरची डावीकडची चिन्हं मधोमध येऊन बसलेली.

एरवी महिनाभर मी प्रिंटरकडे ढुंकूनही बघितलं नसतं. पण मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे (बिनविरोध, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं) आणि सप्टेंबर लागला होता. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, असं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० सांगतो. सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची, असं उपविधी सांगतात. आणि पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून, असं तळमजल्यावरचे वकीलकाका सांगतात. फ्लॅट अठ्ठावीस. प्रत्येकाला नोटीस, अहवाल, ताळेबंद आणि मागच्या सभेचं इतिवृत्त. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर निम्मे लोक अंगठा दाखवतात आणि उरलेले सभेत उभे राहून "आम्हाला नोटीसच मिळाली नाही" म्हणतात. अंगठा दाखवलेलेही म्हणतात. कागद हातात दिला आणि पोच म्हणून सही घेतली, तरच तोंडं बंद राहतात.

तर मी प्रिंटची आज्ञा दिली. उत्तर आलं, प्रिंटर ऑफलाइन आहे.

प्रिंटर माझ्यापासून बारा फुटांवर होता. दार उघडं होतं, मला तो दिसत होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर अंतर कापून तासा-सव्वातासात आमच्या ठाण्याला पोचली होती, पाहुण्यांसकट. ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. आज त्याच ठाण्यात, पाचपाखाडीत, एका कागदाला हॉलमधून आतल्या खोलीत जायचं होतं आणि मार्ग बंद होता.

"अहो, कोर्ट नाक्यावर इतके झेरॉक्सवाले आहेत, जाऊन या ना," बायको म्हणाली. सल्ला बरोबर होता, म्हणूनच तो मानवला नाही. कोर्ट नाक्यावर प्रतिज्ञापत्रं आणि भाडेकरार यांची कायमची रांग. शिवाय दुकानात दिलेला पेन ड्राइव्ह परत येताना सोबत काहीतरी घेऊन येतो. आणि मुख्य म्हणजे, बाहेर पानामागे किती पैसे जातात आणि घरचा प्रिंटर किती महिन्यांत वसूल होतो याचा हिशोब तिला कागदावर मांडून दाखवणारा माणूस मीच होतो.

आधी प्रिंटर धड आहे का ते पाहू म्हणून त्याच्याच मेन्यूतून नेटवर्क रिपोर्ट काढला. सर्र्कन पान बाहेर आलं. अक्षर सुबक, समास सारखे, शाई गडद. त्यावर छापलं होतं: जोडणी नाही. म्हणजे आपण छापू शकत नाही हे सांगण्यापुरता तो उत्तम छापत होता.

दोन बदल एका दिवसात झाल्यामुळे दोष कुणाचा तेच ठरेना. नेटवाले म्हणाले, सिग्नल फुल दिसतोय, प्रिंटरवाल्यांना विचारा. प्रिंटरवाले म्हणाले, संगणकाला विचारा. संगणकाला विचारलं, तर त्याने समस्या शोधणारी एक खिडकी उघडली, हिरवी रेघ बराच वेळ इकडून तिकडे फिरवली आणि कोणतीही समस्या आढळली नाही असं कळवलं. वकीलकाका सही द्यायला आले होते, ते म्हणाले, "तुम्ही फाइव्ह जी घेतलंत ना? मग प्रिंटरही फाइव्ह जी हवा."

हसू नका. काका निम्मे बरोबर निघाले.

ऐरोलीच्या आयटी पार्कात भाचा नोकरीला आहे. क्लाउड, सर्व्हर, असली मोठमोठी कामं एकटा सांभाळतो. पण फोनवर 'प्रिंटर' म्हटल्याबरोबर त्याचा आवाज बसला. "मामा, प्रिंटर सोडून काहीही विचार." मी बहिणीचं नाव काढलं, तेव्हा वळणावर आला. त्याने सांगितलं ते असं. राउटर रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर (म्हणजे बँडवर) बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान, पण भिंती आल्या की दमतो; २.४ वाला सावकाश, पण दोन भिंती सहज ओलांडतो. (मायक्रोवेव्हसुद्धा साधारण त्याच पट्टीवर चालतो, म्हणून दूध गरम करताना आमच्याकडे पूर्वी व्हिडिओ कॉल अडखळायचा. मी तेव्हा नेटवाल्यांना बोल लावले होते.) मोबाइलच्या फाइव्ह जीशी या पाचाचा काही संबंध नाही. आणि माझ्यासारखे जुने, स्वस्त प्रिंटर फक्त २.४ वर ऐकतात. त्या चपळ मुलाने वेग डोळ्यांत भरावा म्हणून ५ तेवढं चालू ठेवून २.४ बंद केलं होतं.

म्हणूनच प्रिंटरने शोधलेल्या यादीत अख्ख्या इमारतीची नेटवर्कं होती, फक्त आमचं नव्हतं. ही यादी प्रत्येक सेक्रेटरीने एकदा वाचावी. एकाने नेटवर्कला स्वतःच्या कुत्र्याचं नाव दिलंय. एकाचं नावच 'पासवर्ड मागू नये'. तीनशे दोनचं नेटवर्क सगळ्यांत ठणठणीत, चार काड्या भरलेल्या. त्यांचा सोसायटीचा मेंटेनन्स तीन तिमाह्या थकलाय.

राउटरच्या पोटात शिरून २.४ चालू केलं. आता पासवर्ड. प्रिंटरला दोन ओळींचा पडदा आहे आणि अक्षरांच्या कळा नाहीत. वर-खाली जाणारे दोन बाण आणि एक 'ओके'. वरचा बाण दाबला की ए, पुन्हा दाबला की बी, असं करत झेडपर्यंत, मग कॅपिटल अक्षरं, मग आकडे, आणि सगळ्यांच्या शेवटी, अधिक-उण्याच्या पलीकडे, पासवर्डात असलेलं ते ॲट (@). बाण दाबून धरला तर अक्षरं अशी सुटतात की टी हवा असताना आपण कॅपिटल सीवर जाऊन थांबतो. पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर, मुंगीच्या अक्षरात. मुलगी स्टुलावर उभी राहून हॉलमधून वाचत होती, मी आत बाण दाबत होतो.

"मोठ्याने सांग!"

"आर!"

मी कॅपिटल आर लावला.

"बाबा, छोटा! मोठ्याने सांगायला सांगितलंत म्हणून मोठ्याने सांगितला!"

मागे जायला म्हणून डावीकडची कळ दाबली. ती मागे जायची नव्हती, रद्द करायची होती.

मध्यंतरी बायकोने प्रिंटरचं अ‍ॅप फोनवर घेऊन सोपा मार्ग काढायचं ठरवलं. अ‍ॅपने आधी खातं उघडायला लावलं, मग जन्मतारीख घेतली, मग 'तुमचं ठिकाण कळू द्या' म्हणालं. ती म्हणाली, "मी याच्या शेजारी उभी आहे, अजून कुठलं ठिकाण सांगू?" मग फोन प्रिंटरच्या स्वतःच्या वायफायला जोडला गेला. तिथे इंटरनेट नाही असं फोनच्या लक्षात आलं आणि तो कुणाला न सांगता पुन्हा मोबाइल डेटावर निघून गेला. अ‍ॅप म्हणालं, प्रिंटर सापडत नाही. तिने फोन ठेवला आणि कुकर लावला.

शेवटी बाणांनीच काम झालं. निळा दिवा स्थिर झाला. आम्ही दोघांनी टाळी दिली, संगणकापाशी आलो. प्रिंटर ऑफलाइन आहे.

इथून पुढचं भाच्याने माझ्या संगणकात दुरून शिरून केलं आणि मी नुसता पडद्यावर आपोआप फिरणारा बाण बघत होतो. यादीत माझा प्रिंटर दोनदा होता, एक नुसत्या नावाचा आणि एक त्याच नावापुढे 'कॉपी १' लावलेला. शिवाय एक फॅक्स. मी आयुष्यात फॅक्स ठेवलेला नाही. पहिल्या पसंतीचा प्रिंटर म्हणून संगणकाने पीडीएफ करणारा नेमला होता, त्याला कागद लागत नाही हीच त्याची पात्रता. पुढे, नवं नेटवर्क दिसल्यावर संगणकाने माझं घर 'सार्वजनिक ठिकाण' म्हणून नोंदवलं होतं, त्यामुळे विमानतळावर वागावं तसा तो आजूबाजूच्या यंत्रांपासून तोंड लपवून होता. भाचा म्हणाला, हे चुकीचं आहे, बदलतो. सकाळी साडेसहापासून पाण्याच्या, पार्किंगच्या आणि कबुतरांच्या तक्रारी घेऊन माझ्या हॉलमध्ये येणारे लोक बघता मला ते इतकं चुकीचं वाटलं नाही.

खरी गोम पत्त्यात होती. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला मुदतीचा पत्ता देतो, आपल्याकडे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार असतो तसा. इथे मुदत कित्येकदा एका दिवसाचीच. मालक बदलला की सगळे करार नव्याने. जुन्या राउटरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू व्हायचे, नव्याचे १९२.१६८.० ने. (१९२.१६८ ही मालिका १९९६ सालच्या इंटरनेट मानकाप्रमाणे खाजगी जाळ्यांसाठी राखीव आहे. म्हणजे माझ्या प्रिंटरचा आणि तीनशे दोनच्या टीव्हीचा पत्ता अगदी एक असला तरी कुणाचं काही अडत नाही.) प्रिंटर नव्या पत्त्यावर राहायला गेला होता आणि संगणक मात्र जुन्याच दारावर थापा मारत होता. भाच्याने जुन्याच नोंदीत नवा पत्ता भरला आणि राउटरमध्ये जाऊन तो प्रिंटरच्या नावे कायमचा राखून ठेवला. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं, बिल्डरने अजून केलेलं नाही; त्याच्याशिवाय ते करून घ्यायची, मानीव अभिहस्तांतरणाची फाइल फिरतेच आहे. प्रिंटरचं त्या रात्री झालं.

"आणि मामा, पुढच्या वेळी नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला सांग. २.४ चालू असलं तर बहुतेक यंत्रांना कळतही नाही राउटर बदललाय ते."

हे तो रात्री साडेअकराला सांगत होता. मी काही बोलायच्या आत आतून घरघर ऐकू आली.

कागद दिसत नाही म्हटल्यावर माणूस पुन्हा प्रिंट दाबतो. मी दाबलं होतं, बायकोने दाबलं होतं, मुलीने दाबलं होतं. त्या सगळ्या आज्ञा संगणकाने रांगेत नीट जपून ठेवल्या होत्या आणि आता क्रमाने पुढे सारल्या. अठ्ठावीस नोटिसा आल्या. परत अठ्ठावीस आल्या. मग सासूबाईंना मोठ्या टायपात हवं असलेलं अथर्वशीर्ष. मग मुलीचा ज्वालामुखीवरचा प्रोजेक्ट, पूर्ण रंगीत, पानभर लाव्हा. त्यात लाल शाई संपली आणि पुढच्या नोटिसा आपण काळ्याच आहोत हे पटवून देईपर्यंत अडून राहिल्या. रद्द करायची कळ मला आता चांगली माहीत होती, पण ती दाबली की यंत्र 'रद्द करत आहे' असं म्हणून आणखी एक पान काढायचं.

रीम संपलं तेव्हा कुठे घर शांत झालं. सकाळी गठ्ठा घेऊन वकीलकाकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, वरचा कागद धरला आणि म्हणाले, "नोटिशीवर तारीख कालची आहे. वाटणार आज. चौदा पूर्ण दिवस कसे मोजायचे?"

नव्या तारखेच्या नोटिसा प्रिंटरने काही न बोलता काढून दिल्या. जुन्यांच्या पाठकोऱ्या बाजू मुलीला गणितं सोडवायला बारावीपर्यंत पुरतील.

सभा स्टिल्ट पार्किंगमध्ये झाली. नेहमीप्रमाणे गणपूर्ती झाली नाही, नेहमीप्रमाणे अर्ध्या तासाने तहकूब सभा त्याच खुर्च्यांवर भरली, समोसे गार झाले. गळतीवर दोन तास बोलून झाल्यावर, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत मी ठराव मांडला की संस्थेने स्वतःचा एक प्रिंटर घ्यावा, वायरचा. तीनशे दोन उभे राहिले. संस्थेच्या निधीची त्यांना एवढी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. "सेक्रेटरीसाहेबांकडे इतका छान वायरलेस प्रिंटर आहे, नोटीस बघा किती स्वच्छ छापली आहे. नवा खर्च कशाला?" वकीलकाकांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने फेटाळला गेला, आणि पुढच्या सभेपासून नोटीस मोठ्या टायपात, रंगीत शीर्षकासह काढावी अशी सूचना इतिवृत्तात नोंदवली गेली.