पाटणच्या भास्कराचार्यांच्या नावावर खपवलेलं गुरुत्वाकर्षण

डिसेंबरात गणित दिन जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्या भाचीने भाषणासाठी जसाच्या तसा वहीत उतरवला आणि बाईंनी त्यावर शाबासकीही दिली. म्हणून आता गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: चाळीसगावजवळच्या पाटणला जन्मलेल्या भास्कराचार्यांनी न्यूटनच्या ५०० वर्षं आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला. न्यूटनने तो ‘लीलावती’तून चोरला. शून्य, कॅलक्युलस, अगदी ग्रुप थिअरी ही आजच्या गणिताची शाखासुद्धा त्यांचीच. वर्षाची लांबी त्यांनी मिनिटापर्यंत बिनचूक सांगितली. लीलावती ही त्यांची विधवा मुलगी. अभिमान असेल तर पुढे पाठवा.

चोरीचा आरोप आधी घेतो, कारण तो सगळ्यांत वाईट आहे. ‘लीलावती’ हे अंकगणिताचं पुस्तक. त्यात व्याज, त्रैराशिक, क्षेत्रफळं आहेत, गुरुत्वाकर्षणाचं अक्षरही नाही. तिचं कोलब्रुक या इंग्रज अभ्यासकाने केलेलं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं १८१७ साली आणि न्यूटन वारला १७२७ मध्ये.

ज्या श्लोकाचा हवाला देतात तो ‘सिद्धांतशिरोमणी’ या त्यांच्या ज्योतिषग्रंथाच्या गोलाध्यायात, भुवनकोश या प्रकरणात आहे: ‘आकृष्टिशक्तिश्च मही तया यत् खस्थं गुरु स्वाभिमुखं स्वशक्त्या। आकृष्यते तत्पततीव भाति समे समन्तात् क्व पतत्वियं खे॥’ पृथ्वीत ओढण्याची शक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. पण सगळीकडे आकाश सारखंच असताना पृथ्वी स्वतः कुठे पडेल? पृथ्वी सतत खाली पडते आहे असं बौद्ध म्हणत, त्याचं हे खंडन आहे. विचार सुंदर आहे, ११५० सालचा आहे, मान्य. पण त्याला नियम म्हणता येत नाही. ओढ किती, अंतर दुप्पट झालं तर किती उरेल, सूर्य आणि चंद्रही ओढतात का, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. त्याच गोलाध्यायात ग्रहताऱ्यांचं रोजचं फिरणं ‘प्रवह’ नावाच्या वायूवर सोपवलेलं आहे.

न्यूटनने नेमकं काय केलं ते आकड्यांत पाहा. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० पृथ्वीत्रिज्या दूर आहे. अंतराच्या वर्गाने ओढ घटत असेल तर तिथे ती ६० × ६०, म्हणजे ३६०० पट कमी हवी: ९.८ भागिले ३६००, म्हणजे ०.००२७ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता चंद्राच्या कक्षेची त्रिज्या (३,८४,४०० किलोमीटर) आणि फेरीचे दिवस (२७.३) घेऊन त्याचं त्वरण वेगळं काढा. तेही ०.००२७ येतं. झाडावरून पडणारं फळ आणि चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत हे या जुळणीने ठरलं, आणि १६८७ साली त्याचं पुस्तक झालं. शिवाय वस्तू ओढणं हा पृथ्वीचा स्वभावच आहे, हे ब्रह्मगुप्त हे गणितज्ञ भास्कराचार्यांच्या ५०० वर्षं आधी म्हणून गेले होते. मेसेजवाल्यांचाच हिशोब लावला तर मान भास्कराचार्यांच्याही हातून जातो.

शून्याचे नियम ब्रह्मगुप्तांच्या ६२८ सालच्या ग्रंथात आहेत. भास्कराचार्यांचा वर्षाचा आकडा ३६५.२५८४ दिवस, तोही ब्रह्मगुप्तांच्या परंपरेतला. खऱ्या नाक्षत्र (ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या) वर्षापेक्षा सुमारे ३ मिनिटांनी जास्त. लीलावतीच्या लग्नाची आणि घटिकापात्रात (वेळ मोजायच्या भांड्यात) पडलेल्या मोत्याची गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून आली, मूळ ग्रंथात ती नाही. तिथे ‘बाले’ असं संबोधन येतं तसं ‘सखे’ही येतं, त्यावरून ती मुलगी ठरत नाही.

कॅलक्युलसचं काही अंशी मानावं लागतं. ग्रहाची ‘तात्कालिक गती’ काढताना ज्येतला (साइनमधला) सूक्ष्म फरक कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो, हे त्यांनी वापरलं आहे. मात्र कोणत्याही वक्राला लागू पडणारी सर्वसाधारण रीत तिथे नाही.

जन्मगावाबद्दलही अर्धंच खरं आहे. स्वतः भास्कराचार्य सह्याद्रीलगतचं ‘विज्जडविड’ सांगतात आणि ते नेमकं कुठलं यावर वाद आहे. पण खानदेशाकडे असलेला पुरावा या मेसेजहून कितीतरी भक्कम आहे. पाटणच्या शके ११२८ च्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. मुलगा लक्ष्मीधर याला राजा जैत्रपाळाने ‘या गावातून’ नेलं, असंही त्यात आहे. शेवटचा भाग तर मराठीत आहे: पेठेतल्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला, आणि तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल. गणिताच्या शाळेसाठी पाटणच्या तेलघाण्यांनी तेल दिलं, हे भाषणात का नाही?

आता ग्रुप थिअरी. हा दावा चुकीचा आहे, पण त्याच्या आसपास जे आहे तेच भास्कराचार्यांचं खरं मोठेपण, म्हणून इथे घाई करत नाही. त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात प्रश्न आहे: ६७ ला कोणत्या वर्गाने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो? गुणणाऱ्या वर्गाचं मूळ ते कनिष्ठ, उत्तराचं मूळ ते ज्येष्ठ, मिळवायची संख्या तो क्षेप. चक्रवाल पद्धत अशी: ८² = ६७ × १² − ३ पासून निघा, म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप −३. आता असा गुणक शोधा की कनिष्ठ × गुणक + ज्येष्ठ याला क्षेपाने पूर्ण भाग जाईल आणि गुणकाचा वर्ग ६७ च्या शक्य तितका जवळ असेल. इथे गुणक ७. त्या बेरजेला क्षेपाने भागून नवं कनिष्ठ (८ + ७) ÷ ३ = ५; ज्येष्ठ × गुणक + ६७ × जुनं कनिष्ठ याला क्षेपाने भागून नवं ज्येष्ठ (५६ + ६७) ÷ ३ = ४१; भागताना क्षेपाचं चिन्ह सोडायचं. नवा क्षेप (४९ − ६७) ÷ (−३) = ६, इथे मात्र चिन्ह ठेवायचं. पुढचा गुणक ५: कनिष्ठ ११, ज्येष्ठ ९०, क्षेप −७. मग गुणक ९: २७, २२१, −२. क्षेप −२ आला की त्या जोडीची स्वतःशीच भावना करून, म्हणजे ती स्वतःशीच जोडून (कनिष्ठ २ × २७ × २२१, ज्येष्ठ २२१² + ६७ × २७²), दोन्हींना २ ने भागायचं: कनिष्ठ ५९६७, ज्येष्ठ ४८८४२.

मुलं दोन ठिकाणी चुकतात. भाग जातो की नाही हे न पाहता गुणक घेतला तर अपूर्णांक येतात. भाग जातो पण वर्ग ६७ पासून लांब आहे असा गुणक घेतला तर क्षेप फुगतो आणि फेऱ्या वाढतात. हीच रीत ६१ ला लावून भास्कराचार्यांनी २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ ही जोडी काढली. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने फ्रेनिकलपुढे ६१ चाच प्रश्न टाकला तो १६५७ साली.

भावना म्हणजे दोन उत्तरं जोडून तिसरं काढण्याची रीत, आणि तीही ब्रह्मगुप्तांची. क्षेप १ असलेली कोणतीही दोन उत्तरं जोडा, पुन्हा क्षेप १ चंच उत्तर येतं. कनिष्ठ ०, ज्येष्ठ १ ही जोडी काहीच बदलत नाही, आणि कनिष्ठाचं चिन्ह उलटं केलं की उलटं पाऊल मिळतं. अशा रचनेला आजच्या गणितात ‘ग्रुप’ म्हणतात. भूमितीच्या अंगाने पाहणारे आणखी विचारतात, याचा आकार काय? प्रत्येक उत्तर एक बिंदू माना आणि सर्वांत लहान उत्तराशी एक भावना म्हणजे एक रेघ. दोन्ही बाजूंना न संपणारी सरळ ओळ तयार होते. दुसऱ्या ग्रुपांची झाडं होतात, जाळ्या होतात, आणि गणितज्ञ ग्रोमॉव्हच्या १९८७ च्या कामानंतर त्या आकारांवरून ग्रुपांचे गुण वाचणं ही गणिताची मोठी शाखा झाली. पण ‘ग्रुप’ ही कल्पना वेगळी काढून तिचा अभ्यास गॅल्वा या गणितज्ञाने १८३० च्या आसपास सुरू केला आणि केली या गणितज्ञाने १८५४ मध्ये तिची व्याख्या केली. पाटणला किंवा ब्रह्मगुप्तांच्या भिल्लमाळला कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

भाचीच्या भाषणातून गुरुत्वाकर्षण काढून ६७ चं उदाहरण घातलं आहे. फळ्यावर चार ओळी लागतात, आणि ८ वीच्या मुलाला प्रत्येक ओळ गुणाकार करून स्वतः तपासता येते.