सोडलेला खडस मरतोच, हे खरं नाही

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सअ‍ॅपवर खडस या नदीतल्या माशाबद्दल एक मजकूर फिरू लागतो : "गळाला लागलेला खडस सोडला तरी मरतोच. सोडणं हे शहरी लोकांचं फॅड. घरी न्या, बीज (माशांची पिल्लं) तर दरवर्षी सोडतातच." नदीकाठची जाणती माणसंही हे पुढे पाठवतात, याचं मला वाईट वाटतं.

आधी मरण्याचं बघू. खडस, म्हणजे आपला महसीर, याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. ओठ जाड आणि मांसल, त्यामुळे गरी, म्हणजे गळाचा आकडा, बहुधा तोंडाच्या कोपऱ्यात रुतते. कावेरीवर संशोधकांनी गळाने धरलेले महसीर तपासून सोडले, तेव्हा त्यांच्या पाहणीत एकही दगावला नाही. मात्र झुंज जितकी लांबली, तितका मासा थकलेला आढळला. म्हणजे जीव जातो तो आपल्या हाताळणीने. तापलेल्या कातळावर टाकायचा, कल्ल्यात बोटं घालून उचलायचा, चार मोबाइलवर फोटो होईपर्यंत पाण्याबाहेर ठेवायचा, आणि मग म्हणायचं की सोडला तरी मेला!

नीट सोडायचा तर दोरी दणकट घ्या, म्हणजे झुंज लवकर आटपते. गरी एकच, तिचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला. आमिषाला कावेरीवर नाचणीच्या पिठाचे शिजवलेले गोळे लावत आले आहेत. मासा उथळ पाण्यात आला की हात ओले करून पाण्यातच गरी काढा. एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. आधी तो नुसता पडून राहतो, कल्ले तेवढे हलतात. घाई करू नका. मग मनगटाला एक हिसका बसतो आणि हात रिकामा होतो. गरी खोल गिळली असेल तर उपसत बसू नका, दोरी तोंडाजवळ कापा. कल्ल्यातून रक्त येत असेल तर मात्र मासा जगणं अवघड, हे मान्य.

आता बीज. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून खडसाचं बीज तयार केलं. ते काम मोठंच आहे. पण हेच बीज कावेरीत गेलं आणि तिथे हा परका मासा फोफावला. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर (ही महसीराची वेगळी जात) मात्र घटत गेला. १९४६ साली कावेरीच्या काबिनी या उपनदीत १२० पौंडांचा गळाला लागला होता, तो हाच. २०१८ साली आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संस्थेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. बीज सोडलं म्हणजे नदी भरली, असं होत नाही. शिवाय खडसाची अंडी रोहूपेक्षा कितीतरी कमी, आणि ती पावसाळ्यात वाहत्या, गोट्यांच्या पाण्यात पडतात. त्या दिवसांत चढणीला लागलेली मोठी मादी घरी नेली, तर पिशवीभर बीज तिची जागा घेत नाही.

राहिलं शहरी फॅड. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महसीर देवीचे म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखले. लोक कुरमुरे टाकतात, मासे वर येतात, आणि त्या डोहात कुणी गळ टाकत नाही. हे गावाला कुठल्या शहराने शिकवलं?