तारखेचे तीन तुकडे का करू नयेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपण लेख बारकाईने वाचून हरकत नोंदवलीत, याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा : डेटाबेसच्या टेबलात तारखेसाठी एकच डेट कॉलम आणि जोडीला कॅलेंडर टेबल (दर दिवसाची एक ओळ असलेले टेबल) ही माझी शिफारस पुस्तकी आहे, वर्ष, महिना आणि दिवस असे तीन पूर्णांकी कॉलम ठेवले तर महिनावार अहवाल लवकर निघतात आणि प्रत्येक वेळी जॉइनचा, म्हणजे दोन टेबले जोडण्याचा, भुर्दंड पडत नाही. एकच अहवाल डेट कॉलमवर रेंगाळला आणि तीन कॉलमांवर झटकन आला, हे आपले निरीक्षण मी खरे मानतो. मतभेद आहे तो त्याच्या कारणाविषयी.

आपण दिलेल्या क्वेरीतील (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातील) अट अशी आहे : तारखेतून वर्ष काढून ते २०२४ आहे का पाहा, मग महिना काढून तो ३ आहे का पाहा. कॉलमवर असे फंक्शन लावले की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी क्रमवार सूची) बाजूला पडतो, कारण इंडेक्समध्ये तारखा क्रमाने लावलेल्या असतात, त्यांतून काढलेले महिने तिथे नसतात; मग डेटाबेसला ओळ न् ओळ उचलून हिशेब करावा लागतो. हीच अट ‘१ मार्च २०२४ किंवा त्यानंतर, आणि १ एप्रिल २०२४ च्या आधी’ अशी लिहिली, तर पहिली नोंद इंडेक्सवरून थेट सापडते आणि तिथून पुढे सलग वाचत जाता येते. वरची तारीख वगळणारी ही पद्धत मी मुद्दाम सुचवतो. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधील जुना डेटटाइम प्रकार २३:५९:५९.९९९ ही वेळ पुढच्या दिवसाच्या ००:००:०० वर नेऊन ठेवतो, त्यामुळे ‘बिटवीन’ने, म्हणजे दोन्ही टोके धरणाऱ्या अटीने, बांधलेल्या महिनाअखेरीत पुढच्या महिन्याच्या नोंदी शिरू शकतात.

आता तीन कॉलमांची खरी अडचण पाहू. १५ नोव्हेंबर २०२३ ते १० फेब्रुवारी २०२४ एवढ्या काळातील नोंदी हव्या असतील, तर आपल्याला असे लिहावे लागेल : वर्ष २०२३ असून महिना नोव्हेंबर व दिवस १५ किंवा पुढचा, अथवा महिना डिसेंबर, किंवा वर्ष २०२४ असून महिना जानेवारी, अथवा महिना फेब्रुवारी व दिवस १० पर्यंतचा. डेट कॉलमवर हेच काम दोन तुलनांत होते. तिन्ही कॉलमांची एकत्रित तुलना पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये करता येते आणि तिला इंडेक्सही मिळतो, हे मान्य आहे. पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती सोयच नाही. शिवाय तीन सुटे पूर्णांक ३० फेब्रुवारी बिनतक्रार स्वीकारतात, आणि ते अडवण्यासाठी लीप वर्षासकट सगळे नियम आपल्यालाच लिहावे लागतात. जागाही वाचत नाही : पोस्टग्रेसक्यूएलमध्ये डेटला ४ बाइट लागतात, तीन स्मॉलइंटना (लहान पूर्णांकांना) ६, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये डेट ३ बाइटांत मावते, तर एक स्मॉलइंट आणि दोन टायनीइंट (त्याहून लहान पूर्णांक) मिळून ४ होतात.

आपण सुचवलेला दुसरा पर्याय, म्हणजे २०२४०१३१ असा एकच पूर्णांक, क्रम बरोबर राखतो. मात्र २०२४०२०१ मधून तो वजा केला तर उत्तर ७० येते, प्रत्यक्षात मध्ये एकच दिवस उलटलेला असतो. डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे विश्लेषणासाठीच्या माहितीसाठ्यात, ही रचना की (ओळ ओळखण्याची खूण) म्हणून रूढ आहे आणि तिथे ती शोभते. व्यवहाराच्या टेबलात, जिथे मुदती आणि थकीत दिवस मोजायचे असतात, तिथे ती नको.

जॉइनच्या भीतीविषयी एवढेच सांगतो की वीस वर्षांच्या कॅलेंडर टेबलात जेमतेम ७,३०५ ओळी असतात आणि ते टेबल सहसा मेमरीतच राहते. साधा महिना काढण्यासाठी ते वापरावे असे माझे म्हणणे नाही. आर्थिक वर्ष, सुट्ट्या, कामाचे दिवस, आयएसओ आठवडा (आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोजलेला आठवडा) यांसाठी ते हवे. ३० डिसेंबर २०२४ हा दिवस आयएसओ पद्धतीने २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पडतो. असे नियम प्रत्येक क्वेरीत नव्याने लिहिले, तर दोन अहवालांचे आकडे कधी ना कधी जुळेनासे होतात.

एका बाबतीत आपली रचना माझ्या शिफारशीपेक्षा सरस आहे, आणि ती म्हणजे अपुऱ्या तारखा. जुन्या दस्तऐवजांत पुष्कळदा फक्त वर्ष, किंवा वर्ष आणि महिना एवढेच मिळते. तिथे १ जानेवारी अशी खोटी तारीख भरणे म्हणजे नसलेली माहिती निर्माण करणे होय. अशा ठिकाणी महिना आणि दिवस रिकामे ठेवता येणारे सुटे कॉलमच योग्य.

आपले टेबल मात्र पूर्ण तारखांचे आहे आणि चालू वापरात आहे, म्हणून अहवालांना धक्का न लावता बदल कसा करता येईल तेही सांगतो. आधी एक डेट कॉलम वाढवा आणि जुन्या तीन आकड्यांवरून तो भरा. ज्या ओळींची तारीख बनणार नाही, त्या आजवर लपून राहिलेल्या चुकीच्या नोंदी असतील. त्या आधी दुरुस्त करून घ्या. मग जुने तीन कॉलम काढून त्याच नावांचे जनरेटेड कॉलम, म्हणजे डेटाबेस स्वतः हिशेब करून भरतो असे कॉलम, डेटवरून तयार करा. मायएसक्यूएल ५.७ आणि पोस्टग्रेसक्यूएल १२ पासून ही सोय आहे. आपली महिनावार क्वेरी जशी आहे तशी चालेल, वर्ष आणि महिन्यावरचा इंडेक्सही पुन्हा बांधता येईल आणि मधल्या कोणत्याही कालावधीसाठी डेट कॉलम हाताशी राहील. दोन्ही क्वेरींचा एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो याचा आराखडा) आपण इथे दिलात, तर इंडेक्समधील कॉलमांचा क्रम कसा ठेवावा यावर नेमकेपणाने बोलता येईल.