गळ्यातली दोरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

जपानमधल्या गिफूच्या नागारा नदीवर पाणकावळ्यांकडून मासे धरून घेतात, त्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते तीन-चार वेळा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रानातला पक्षी धरून आणायचा, उपाशी ठेवायचा, गळा आवळायचा, तोंडचा घास काढून घ्यायचा आणि वर तेराशे वर्षांची परंपरा म्हणून टाळ्या वाजवायच्या. हा छळ आहे आणि मी तो जाळाच्या उजेडात सजवून मांडला. 'आमच्या शेततळ्यावर रोज पाणकावळे येतात, वर जाळं ताणलंय, पण पक्ष्याला आम्ही कधी बोट लावलं नाही,' हेही तुम्ही लिहिलंत.

आधी कबूल करायचं ते करतो. मूळ लेखात दोरीबद्दल माझं एकच वाक्य होतं आणि हे पक्षी येतात कुठून, याबद्दल एकही नव्हतं. ही माझी चूक. जपानमधल्या बहुतेक उकाईंना (ही मासेमारी, तिचं नाव उकाई) समुद्री पाणकावळे मिळतात ते हिताची शहरातल्या जूओच्या समुद्रकड्यावरून. कड्यावर आडोशाची झोपडी असते. बाहेर माणसाळलेले पाणकावळे बांधून ठेवतात. त्यांना बघून स्थलांतराच्या वाटेवरचा एखादा पक्षी विसाव्याला उतरला, की आतला माणूस लांब काठीच्या आकड्याने त्याचा पाय ओढतो. समुद्रावर वाढलेल्या पाखराचं आयुष्य त्या एका ओढीत बदलतं. याचं समर्थन मी करणार नाही. 'परंपरा आहे' हे उत्तर मला बैलगाडा शर्यतीच्या वादातही कधी पुरलं नाही, इथेही पुरत नाही. मासेमारीच्या दिवशी पक्ष्यांना उपाशी ठेवतात, हेही खरं.

पण गळा आवळतात, पक्ष्याला काहीच मिळत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र बरोबर नाही. मी नागोयात राहतो, गिफू रेल्वेने जवळच. हंगाम 11 मे ते 15 ऑक्टोबर. गेल्या वर्षी मी मुद्दाम दिवस मावळायच्या आत नदीकाठी गेलो, कारण तेव्हा उशो, म्हणजे हे पक्षी पाळणारे आणि चालवणारे कोळी, गाठी बांधत असतात. उशोच्या कमरेला पेंढ्याचा झगा, डोक्याला गडद फडकं. पक्षी काखेत. चोच एका हाताने धरलेली, पाचूसारखा हिरवा डोळा माझ्यावर रोखलेला. दोरी मानेच्या मुळाशी घेऊन त्याने गाठ मारली, मग बोट आत सरकवून पाहिलं, सोडली, पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी त्याचं समाधान झालं. एका पक्ष्याला तीन वेळा.

त्या बोटाच्या जागेवर सगळं ठरतं. गाठ ढिली राहिली तर मोठा आयू मासासुद्धा पोटात जातो; जास्त आवळली तर पक्ष्याला श्वास जड होतो. नीट बसली, तर लहान मासे खाली उतरतात आणि मोठे घशात थांबतात. म्हणजे लहान मासे त्याचेच. काम संपलं की गाठ सुटते आणि त्यांना खायला घालतात.

दुसरी दोरी लगामाची. उशो नावेच्या नाळीवर उभा असतो आणि दहा-बारा पक्ष्यांच्या दोऱ्या एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने त्यांचा गुंता सतत सोडवत राहतो. समोर लोखंडी टोपलीत सरपणाचा जाळ, त्याच्या उजेडाने दगडांखालचे मासे बिथरतात. ही दोरी हिनोकीच्या लाकडाच्या तंतूंची. ओढली तर तुटत नाही, पण पीळ उलटा फिरवला की पटकन तुटते. पाण्याखाली पक्षी दगडात अडकला, तर त्याला बुडू न देता सोडून देता यावं म्हणून ती अशी वळलेली असते. ताई, पक्ष्याला निव्वळ यंत्र समजणाऱ्या माणसाने तुटणारी दोरी वळली नसती.

गिफू शहरात असे सहाच उशो आहेत, शेजारच्या ओझेला तीन. बापाकडून मुलाकडे येणारं काम. नव्या पक्ष्याला तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, मग तो त्याच घरात पंधरा-वीस वर्षं काढू शकतो. रोज सकाळी टोपलीतून काढून अंगाला हात लावून बघायचं, कोण मरगळलंय, कोणाचं वजन उतरलंय. पक्षी दोन-दोन एकत्र ठेवतात. जोडी जमली की ती मोडत नाहीत.

तुमच्या पहिल्या आक्षेपाला, रानातून धरण्याच्या आक्षेपाला, एक वेगळं उत्तर क्योतोजवळच्या उजी नदीवर आपोआप मिळालं. पाळलेले समुद्री पाणकावळे पिल्लं काढत नाहीत असंच तिथे सगळे धरून चालले होते. 2014 मध्ये त्यांच्या पिंजऱ्यात अंडी सापडली आणि त्यातून पिल्लू निघालं. माणसाच्या हातावर वाढलेल्या अशा पिल्लांना घेऊन लगामाशिवाय मासेमारी करायचा प्रयत्न तिथे सुरू झाला. हीच वाट पुढे चालत राहावी असं मला मनापासून वाटतं. जूओच्या कड्यावरची झोपडी रिकामी झाली तर मला दुःख होणार नाही.

चीनमधली गोष्ट तर मुळातच निराळी. तिथे पक्षी घरीच वाढवतात, अंडी बऱ्याचदा कोंबडीखाली उबवतात, आणि लगाम नसतो. ली नदीवरच्या पाणकावळ्यांबद्दल 1979 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात एक टिपण आलं होतं: सात मासे मालकाला दिले की आठवा आपला, हा हिशेब पक्ष्यांना पक्का ठाऊक, गळ्याची दोरी सैल होईपर्यंत ते जागचे हलत नसत. त्यांना शेवटचा मासा मागता येत होता आणि मालकाला तो द्यावा लागत होता.

आता 'आम्ही पक्ष्याला बोट लावलं नाही' याबद्दल. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखाशी ईस्ट सँड नावाचं बेट आहे. तिथे पाणकावळ्यांची मोठी वसाहत होती. ते समुद्राकडे निघालेली सामन माशांची पिल्लं खातात म्हणून 2015 मध्ये सरकारी बंदुका तिथे गेल्या. सुमारे 11 हजार पक्षी मारायचे, हजारो घरट्यांतली अंडी उबू नयेत म्हणून त्यांना तेल लावायचं, अशी योजना. सामनला अडवणारी धरणं त्याच नदीवर आहेत. 2016 च्या मे महिन्यात उरलेल्या पक्ष्यांनी घरटी टाकून बेटच सोडलं आणि पुढे हजारो पक्षी नदीच्या वरच्या अंगाला अस्टोरियाच्या पुलावर जाऊन बसले. तिथे त्यांच्या खाण्यात सामनची पिल्लं आणखी वाढली. त्या योजनेत कोणीही कुठल्याही पक्ष्याच्या गळ्याला हात लावला नव्हता.

आणि एक घरचं. माझं आजोळ उजनीच्या पाण्याकाठी. मी चौथीत असताना मामाच्या तंगुसाच्या जाळ्यात छोटा पाणकावळा अडकला होता. सूर मारून पाण्याखाली पोहणाऱ्या पक्ष्याला ते जाळं दिसतच नाही. मामाने वर ओढला तेव्हा तो गेलेला होता. मान ओली, चिमटीएवढी, दोरा पिसांच्या आत कातडीत रुतलेला. मामाने शिवी हासडली नाही की काही बोलला नाही, विळ्याने जाळं कापून पक्षी बाजूला ठेवला आणि कापलेलं जाळं शिवायला बसला. ती गाठ कोणी मारली नव्हती, म्हणून ती सैल करायलाही कोणी नव्हतं. गिफूत त्या उशोचं बोट दोरीखाली शिरताना मला मामाचं ते जाळं आठवलं. लेखात मी हे लिहायला हवं होतं. आज वाढवतो, जूओच्या कड्याचा परिच्छेदही घालतो.

तुमच्या शेततळ्यावरचं जाळं कसलं आहे? पातळ तंगुसाचं आणि सैल असेल, तर पक्षी त्यात उतरून अडकतो. जाड, लांबून दिसेल असा दोर घट्ट ताणला तर तो बिचकून दुसरीकडे वळतो, मासेही वाचतात. आणि शक्य असेल तर संध्याकाळी एक फेरी मारा. अडकलेला दिसला तर आधी डोक्यावर फडकं टाका, चोच धरा आणि मग मानेजवळचा दोरा कापा.